सरळ धावेची शर्यत आणि मागील आसाचे दंतगुणोत्तर

विदर्भातील शंकरपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना सरळ धावेच्या मोटार-शर्यतीचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पटात बैलजोडी आखलेल्या दाणीतून घड्याळाविरुद्ध धावते, आणि क्रम लागतो तो सेकंदाच्या अंशांवर. वळण नाही, डावपेच नाही. स्थिर अवस्थेतून निघून ठरलेले अंतर किती वेळात तोडले, एवढाच प्रश्न. मोटारींच्या ज्या शर्यतीस 'ड्रॅग रेस' म्हणतात तीही नेमकी अशीच आहे. तिचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ओस पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर ती वाढीस लागली. कॅलिफोर्नियातील सँटा आना येथे १९५० साली अशा शर्यती नियमाने भरू लागल्या, १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही नियामक संस्था स्थापन झाली, आणि तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्सासमधील ग्रेट बेंड येथे झाली. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील अँबी व्हॅली येथील धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात 'व्हॅली रन' या नावाने पाव मैलाच्या शर्यती भरल्या.

अशा शर्यतीसाठी मोटार तयार करताना एक प्रश्न हटकून उभा राहतो: मागील आसावरील क्राउन-पिनियनचे गुणोत्तर किती असावे? कारखान्यांतून ऐकू येणारे उत्तर सोपे असते, 'आकडा जितका मोठा तितकी ओढ अधिक, आणि ओढ अधिक तितकी गाडी जलद.' हे उत्तर अर्धसत्य आहे, आणि या अर्धसत्यापायी इंजिने फुटतात, पैसा वाया जातो व वेळही वाढतो. प्रस्तुत लेखाचा हेतू असा की, या निवडीचा विचार प्रारंभरेषेपासून न करता अंतिम रेषेपासून मागे करावयाचा असतो हे गणिताने दाखवावे. आणि असा काढलेला आकडा प्रारंभी जमिनीला पेलतो की नाही ही दुसरी कसोटी का लावावी लागते, तेही स्पष्ट करावे.

१. गुणोत्तर काय करते आणि काय करीत नाही

इंजिनाच्या दंडाचे परिभ्रमण प्रथम गिअरपेटीत व नंतर मागील आसावर कमी होते. पिनियनला १० दात व क्राउन चक्राला ३९ दात असतील तर गुणोत्तर ३·९०. म्हणजे दंडाच्या ३·९ फेऱ्यांस चाकाची एक फेरी. परिभ्रमण ज्या प्रमाणात घटते त्या प्रमाणात पिळाचे परिबल वाढते. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती; ती मात्र, घर्षणात जाणारा अल्प भाग सोडता, तितकीच राहते. दंतचक्रे शक्ती निर्माण करीत नाहीत. ती केवळ एवढेच ठरवितात की गाडीच्या अमुक वेगास इंजिन कोणत्या परिभ्रमणावर असावे.

हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे रूप पालटते. प्रत्येक इंजिनाची शक्ती एका विशिष्ट परिभ्रमणास कमाल असते; त्याच्या अलीकडे ती कमी, पलीकडेही कमी. म्हणून योग्य गुणोत्तर ते, की ज्यामुळे धावेचा जास्तीत जास्त काळ इंजिन त्या कमाल शक्तीच्या आसपास राहील.

मोठा आकडा म्हणजे जलद गाडी नव्हे, याचे उदाहरण आपल्या खेड्यापाड्यांत अनेक दशके वावरलेल्या जीपमध्ये आहे. महिंद्र कंपनीने भारतात बनविलेल्या सीजे-३बी जातीच्या मूळ विलीस जीपच्या आसाचे गुणोत्तर ५·३८ होते. तिचे इंजिन मिनिटास ४,००० फेऱ्यांच्या सुमारास कमाल शक्ती देई. चाकाची त्रिज्या ०·३५ मीटर धरली तर थेट गिअरमध्ये ४,००० फेऱ्यांस वेग होतो ताशी सुमारे ९८ किलोमीटर. नांगर, ट्रॉली व चिखल यांसाठी ते गुणोत्तर उत्तम होते. परंतु त्या वेगानंतर इंजिनापाशी देण्यासारखे काही उरत नसे.

२. अंतिम रेषेवरील वेग

प्रथम गाडी रेषा कोणत्या वेगाने ओलांडील याचा अंदाज हवा. इंजिन सर्व काळ समान शक्ती देते, हवेचा विरोध नाही व चाक घसरत नाही, असे क्षणभर मानू. शक्ती म्हणजे प्रेरणा (बल) गुणिले वेग, आणि प्रेरणा म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. यावरून समाकलनाने असे मिळते:

वेगाचा घन = ३ × शक्ती × अंतर ÷ वस्तुमान

आणि

वेळ = १·५ × अंतर ÷ अंतिम वेग

म्हणजे अंतिम वेग शक्ती व वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या घनमूळाच्या प्रमाणात असतो. अमेरिकन मोटार-लेखक रॉजर हंटिंग्टन यांनी प्रत्यक्ष धावांच्या नोंदींवरून हा घनमूळाचा नियम मांडला होता; जेफ्री फॉक्स यांनी १९७३ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' मधील लेखात त्याची भौतिक उपपत्ती दिली. या नियमातील बोध असा की शक्ती १० टक्क्यांनी वाढविली तर अंतिम वेग जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून अंतिम वेगाचा अंदाज बराच स्थिर असतो, आणि त्याच्या आधारावर गुणोत्तर काढणे सुरक्षित ठरते.

उदाहरणादाखल एक कल्पित, मागच्या चाकांनी चालणारी मोटार घेऊ. चालकासह वस्तुमान १,२०० किलोग्रॅम. चाकांपर्यंत पोचणारी कमाल शक्ती ८० किलोवॉट, ती मिनिटास ५,५०० फेऱ्यांस. परिभ्रमणाची सुरक्षित मर्यादा ६,२००. चाकाची भाराखालील त्रिज्या ०·३० मीटर. गिअरपेटीची गुणोत्तरे पहिल्यापासून अनुक्रमे ३·५०, २·१०, १·४० व १·००. वरील सूत्राने अंतिम वेग सेकंदास ४३ मीटर, म्हणजे ताशी १५५ किलोमीटर येतो, व वेळ १४ सेकंद. प्रत्यक्षात हवेचा विरोध, गिअर बदलताना जाणारा काळ व प्रारंभीची घसरण यांमुळे इतका वेग मिळत नाही. चाचणी-धावेत तो ताशी १३५ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ३७·५ मीटर भरला असे मानू.

३. रेषेपासून मागे

चाकाचा परीघ १·८८५ मीटर. तेव्हा सेकंदास ३७·५ मीटर या वेगास चाक मिनिटास सुमारे १,१९४ फेऱ्या करते. रेषा ओलांडताना इंजिन कमाल शक्तीच्या बिंदूच्या किंचित पुढे, समजा ५,६०० फेऱ्यांवर असावे. किंचित पुढे अशासाठी की, शक्तीच्या शिखराच्या दोन्ही बाजूंस थोडेथोडे राहिल्यास सरासरी शक्ती अधिक मिळते. मग एकूण गुणोत्तर ५,६०० ÷ १,१९४, म्हणजे ४·६९ हवे.

हे एकूण गुणोत्तर आहे. ते दोन रीतींनी साधता येते. चौथ्या, थेट गिअरमध्ये रेषा ओलांडावयाची असेल तर आसावर ४·७० हवे. ४७ व १० दातांची जोडी ते देते. तिसऱ्या गिअरमध्ये ओलांडावयाची असेल तर ४·६९ ÷ १·४०, म्हणजे ३·३५ हवे. ३७ व ११ दातांची जोडी ३·३६ देते. दोन्ही जोड्यांतील दातांच्या संख्यांत सामाईक विभाजक नाही, हेही पाहावे. त्यामुळे तोच दात त्याच दाताशी वारंवार भिडत नाही व झीज सर्वत्र सारखी होते.

आता मूळचे ३·९० हे गुणोत्तर याच कसोटीस लावू. तिसऱ्या गिअरमध्ये रेषेवर इंजिनाला मिनिटास ६,५०० हून अधिक फेऱ्या कराव्या लागतील. ही सुरक्षित मर्यादेच्या पलीकडची गोष्ट झाली. म्हणून ताशी १२४ किलोमीटरच्या सुमारास, ६,००० फेऱ्यांवर, चौथा गिअर घालणे भाग पडते. इंजिन तत्काळ सुमारे ४,३०० फेऱ्यांवर उतरते, आणि रेषा येईतो कसेबसे ४,६५० पर्यंत चढते. धावेचा शेवटचा टप्पा अशा रीतीने शक्तीच्या शिखराच्या फार खाली जातो. मूळचे गुणोत्तर वाईट नाही. ते हमरस्त्यासाठी, इंधनाच्या काटकसरीसाठी निवडलेले आहे. या अंतरासाठी मात्र ते दोन गिअरांच्या मधल्या फटीत सापडते. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, यावर आकडा वाढविणे हाही उपाय आहे आणि आकडा कमी करणे हाही. 'मोठा आकडा म्हणजे जलद' या समजुतीला येथेच तडा जातो.

४. प्रारंभरेषेवरील कसोटी

मग ४·७० की ३·३६? याचा निर्णय इंजिनाकडे नसून जमिनीकडे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील घाटावरच्या भागात, १७२४ च्या लढाईमुळे इतिहासाला परिचित असलेल्या साखरखेर्डा गावाच्या शिवारात, पावसानंतर काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुतलेला पाहिला म्हणजे हे तत्त्व ताबडतोब उमगते. पहिल्या गिअरमध्ये चाकाला प्रचंड परिबल मिळते. परंतु ओली काळी माती ते घेऊ शकत नाही. चाक जागच्या जागी फिरते, खड्डा करते, ट्रॅक्टर हलत नाही. जाणता चालक अशा वेळी इंजिनाचा जोर वाढवीत नाही; तो चाकांवर भार वाढवितो किंवा चाकाखाली काही पसरतो. जमीन जितकी प्रेरणा स्वीकारील तितकीच उपयोगी.

डांबरी वा काँक्रीटच्या धावपट्टीवरही न्याय हाच. फक्त आकडे बदलतात. आपल्या मोटारीचा ४७ टक्के भार मागच्या चाकांवर आहे, गुरुत्वमध्याची उंची चाकांमधील अंतराच्या ०·२१ पट आहे, आणि साध्या रस्त्याच्या टायरांचा घर्षणगुणांक ०·९ आहे, असे मानू. गाडी पुढे झेपावते तेव्हा भार मागे सरकतो. तो जमेस धरून मागची चाके जास्तीत जास्त सुमारे ६,१०० न्यूटन प्रेरणा जमिनीला देऊ शकतात. इंजिनाचे कमाल परिबल चाकांपर्यंतचा व्यय वजा जाता १६० न्यूटन-मीटर धरले, तर पहिल्या गिअरमध्ये ३·३६ ने सुमारे ६,३०० न्यूटन प्रेरणा मिळते, आणि ४·७० ने सुमारे ८,८०० न्यूटन. पहिली जमिनीच्या मर्यादेशी जवळजवळ जुळते. दुसरी तिच्याहून ४० टक्क्यांपेक्षा अधिक आहे. तो अधिकांश चाके घसरण्यात व टायर जाळण्यात जाईल.

याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहणे अधिक उद्बोधक आहे. ८० किलोवॉट शक्तीला ६,१०० न्यूटनांनी भागले असता सेकंदास सुमारे १३ मीटर, म्हणजे ताशी ४७ किलोमीटर वेग येतो. या वेगाच्या खाली गाडीचे त्वरण जमीन ठरविते. त्याच्या वरच इंजिन ठरविते. ४·७० या गुणोत्तराने पहिला गिअर ६,००० फेऱ्यांस ताशी ४१ किलोमीटरवरच संपतो. म्हणजे तो सबंध गिअर जमिनीच्या अधिराज्यात जातो. त्याच्या वाढीव परिबलाचा काडीचाही उपयोग होत नाही, आणि एक गिअर बदलण्याचा व्यय मात्र पदरी पडतो. ३·३६ ने पहिला गिअर ताशी ५८ पर्यंत, दुसरा ९६ पर्यंत जातो व तिसऱ्याने रेषा ओलांडली जाते.

गिअर बदलण्याचा व्यय क्षुल्लक समजू नये. बदलास ०·४ सेकंद लागले तर तेवढा वेळ ८० किलोवॉट शक्ती गाडीला मिळत नाही. म्हणजे ३२ किलोज्यूल ऊर्जा गमावली. रेषेवर गाडीची एकूण गतिज ऊर्जा सुमारे ८४० किलोज्यूल असते. प्रत्येक बदलाची किंमत अशी जवळजवळ ४ टक्के होते. साध्या टायरांवर, तेव्हा, लहान आकडाच श्रेयस्कर.

आता तीच मोटार शर्यतीच्या मऊ, गुळगुळीत टायरांवर उभी करू व घर्षणगुणांक १·५ धरू. जमिनीची मर्यादा सुमारे १२,००० न्यूटनपर्यंत चढते, आणि जमिनीचे अधिराज्य ताशी २४ किलोमीटरवरच संपते. ४·७० चे ८,८०० न्यूटन जमीन आता सहज पेलते. चार गिअरांमुळे इंजिन धावेच्या उत्तरार्धातही शक्तीच्या शिखराजवळ राहते, आणि चपळ चालकाच्या हाती बदलाचा व्यय भरून निघतो. येथे मोठा आकडा योग्य ठरतो. इंजिन तेच, गाडी तीच, अंतर तेच. केवळ टायर बदलले आणि उत्तर बदलले. गुणोत्तर आधी व टायर मागाहून, असा क्रम ठेवणारा मनुष्य म्हणून दोनदा खर्च करतो.

५. उंची, उष्मा आणि इतर दुरुस्त्या

आकडे एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे चालत नाहीत. समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानात मोजलेली शक्ती, ६०० मीटर उंचीच्या पठारावर वैशाखातील ४० अंश उष्म्यात तशीच राहत नाही. उंचीमुळे हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी कमी व उष्णतेमुळे घनता आणखी ८ टक्क्यांनी कमी; मिळून सुमारे १४ टक्के विरळ हवा इंजिनात जाते. ज्या इंजिनास हवा दाबून भरणारे साधन नाही त्याची शक्ती साधारण तितकीच घटते. घनमूळाच्या नियमाने अंतिम वेग ५ टक्क्यांनी कमी होतो. तेव्हा रेषेवर इंजिनाला त्याच परिभ्रमणावर ठेवावयाचे तर गुणोत्तर ५ टक्क्यांनी वाढविले पाहिजे. ३·३६ च्या जागी ३९ व ११ दातांची, ३·५५ ची जोडी बसेल. परिबलही घटलेले असल्यामुळे हे वाढीव गुणोत्तर जमिनीला जड जात नाही. दोन्ही कसोट्या येथे एकाच दिशेने कौल देतात.

चाकाची त्रिज्या टायरावरील आकड्यांवरून काढू नये. भाराखाली टायर दबतो. उलट मऊ शर्यती टायर वेगाने फिरताना फुगतो. जमिनीवर खडूने खूण करून गाडी चाकाच्या दहा फेऱ्या ढकलावी व अंतर मोजून परीघ काढावा, हीच खात्रीची रीत. तसेच मोठ्या गुणोत्तराच्या जोडीत पिनियनला दात थोडे व व्यास लहान असतो, म्हणून त्याची ताकदही कमी पडते. ज्या प्रारंभासाठी ते गुणोत्तर निवडले, त्याच प्रारंभाच्या धक्क्याने त्याचे दात तुटण्याचा संभव असतो.

आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनी चालतात. त्यांतही अंतिम रेषेची कसोटी तशीच लागू पडते. परंतु प्रारंभी भार चालत्या चाकांवरून मागे सरकत असल्यामुळे जमिनीची मर्यादा आणखी खाली येते. अशा गाड्यांस मोठा आकडा क्वचितच मानवतो.

६. नियामकांचा दाखला आणि समारोप

गुणोत्तर हे ओढीचे नव्हे तर वेगाचे नियंत्रण आहे, याचा ठळक दाखला या शर्यतीच्या सर्वोच्च वर्गात मिळतो. नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या 'टॉप फ्युएल' गाड्यांना बदलते गिअर नसतात. त्यांचा क्लच टप्प्याटप्प्याने पकड घेतो. १९९२ साली अशा गाडीने प्रथमच ताशी ३०० मैलांची मर्यादा ओलांडली. पुढे वेगास आवर घालण्यासाठी नियामकांनी ज्या उपायांचा अवलंब केला त्यांत आसाचे गुणोत्तर ३·२० वर गोठविणे हा एक होता. आणि २००८ साली, एका स्पर्धकाच्या अपघाती मृत्यूनंतर, या वर्गाचे अंतरच १,००० फुटांवर आणण्यात आले. रेषेवर इंजिन किती फेऱ्या करील हे एकदा बांधून टाकले की वेगही बांधला जातो. आपण लेखाच्या आरंभी घेतलेली दिशा, अंतिम रेषेपासून मागे, तीच नियामकांनीही घेतली.

या विवेचनातील आकडे बंदिस्त धावपट्टीसाठी आहेत, हे सांगितल्यावाचून लेख पुरा होत नाही. ताशी १३५ किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या पृष्ठावरही ब्रेक लागल्यानंतर ९० मीटरांच्या आसपास अंतर घेते. त्यात चालकाच्या प्रतिक्रियेचा काळ धरलेला नाही. सार्वजनिक ठिकाणी राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून मोटारींची शर्यत लावणे मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग कितीही सरळ दिसला तरी तो धावपट्टी नव्हे.

सारांश, निवडीचा क्रम असा: आधी टायर ठरवावेत, चाचणीने अंतिम वेग मोजावा, त्यावरून कमाल शक्तीच्या किंचित पुढचे एकूण गुणोत्तर काढावे, ते कोणत्या गिअरमध्ये साधावयाचे याचे पर्याय मांडावेत, आणि ज्या पर्यायातील पहिल्या गिअरची प्रेरणा जमिनीच्या मर्यादेशी जुळते तो स्वीकारावा. विजेवर चालणाऱ्या आधुनिक मोटारींत बहुधा गिअरपेटी नसते, एकच गुणोत्तर असते. तेथे तडजोडीला दुसरी जागाच उरत नाही, आणि या लेखातील दोन्ही कसोट्या त्या एका आकड्याने एकाच वेळी उत्तीर्ण व्हाव्या लागतात. विद्यार्थ्यांनी अशा एखाद्या मोटारीचे आकडे घेऊन हे गणित स्वतः करून पाहावे.